तुरटीमामाची बावीस वर्षं

त्या वसतिगृहाच्या शाळेत मारामारीला वर्षभर छड्या मिळत आणि एक दिवस बक्षिसं. त्या दिवशी जेवणघरातली टेबलं भिंतीला सरकवत, मधोमध चार खांब उभे करून त्यांना तिहेरी दोर आवळत, आणि चारशे मुलं बाकांवर, टेबलांवर, खिडक्यांच्या कठड्यांवर चढून कोणाचं तरी नाक फुटण्याची वाट बघत बसत. पाहुण्यांच्या भाषणात याला चारित्र्य घडवणं म्हणत. मुलं बॉक्सिंग म्हणत. स्वयंपाकी म्हणत, आज जेवण उशिरा.

त्या एका दिवसापुरता शाळेतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे शाळेचा न्हावी. मुलं त्याला तुरटीमामा म्हणत, शिक्षक नुसतं मामा म्हणत, आणि बायको काहीच म्हणत नसे, सरळ बोलायला सुरुवात करी. रिंगणाबाहेर, दोन्ही कोपऱ्यांपासून सारख्या अंतरावर, त्याची खुर्ची ठेवलेली असे. खांद्यावर पांढरा टॉवेल, पायाशी पाण्याची वाटी, आणि मुठीत साबणाच्या वडीएवढी तुरटी. जुन्या कुठल्यातरी हेडमास्तरांनी स्पर्धेचे नियम लिहून काचेच्या चौकटीत लावले होते. ओठ, नाक किंवा भुवई फुटली तर दोन फेऱ्यांमधल्या एका मिनिटात रक्त थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर लढत बंद. रक्त समोरच्याच्या ठोशाने आलं असेल तर समोरचा जिंकला. दुसऱ्या कशाने आलं असेल तर तोवरचे गुण मोजून निकाल द्यायचा. आणि जखम कशाची, हे रक्त थांबवणाऱ्याला विचारायचं. डॉक्टर हजर असत, पण त्यांना पेटीची कुलपं उघडण्यातच एक मिनिट जाई. मामाला तुरटी दाबायला तीन सेकंद पुरत.

त्यामुळे स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात मामा दिसला की मोठ्या वर्गातली मुलं उठून उभी राहत. त्याची पेटी उचलायला चार हात पुढे येत. एरवी हीच मुलं त्याच्या खुर्चीत बसायची पाळी आली की मागच्या भिंतीवरून उडी टाकून पळत. मामा हे ओळखून होता. आठवडाभर मान घ्यायचा आणि कोणालाही झुकतं माप द्यायचं नाही, अशी त्याची रीत होती. दोन्ही कोपऱ्यांत तुरटी एकाच जोराने दाबायची. मुलं दोन्हीकडे सारखीच बोंबलत.

पण तुरटी ही त्याची नोकरी होती. अभिमान वेगळ्याच गोष्टीचा होता. बावीस वर्षं, आठवड्याला सत्तर-ऐंशी डोकी, कात्री झाली की मानेवर आणि कानामागे वस्तरा, आणि त्या वस्तऱ्याने एकाही मुलाला ओरखडा काढला नव्हता. एक थेंब नाही. हे तो दूधवाल्याला सांगे, पोस्टमनला सांगे, आणि ज्याचे केस कापतोय त्याला तर सांगेच, कारण त्याला उठून जाता येत नसे. स्वतःच्या दाढीला तो हा नियम लावत नसे. रोज सकाळी त्याच्या हनुवटीवर वर्तमानपत्राचे दोन-तीन कपटे चिकटलेले असत आणि बायको ते बघून, आदल्या दिवशी जगात काय घडलं ते विचारी.

तिला त्याच्या विक्रमाचं कौतुक नव्हतं. ती म्हणायची, मुलांच्या अंगात रक्तच नसेल, तुमच्या मेसचं जेवून येणार कुठून.

शाळेत येण्याआधी मामा हॉस्पिटलात होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रोग्याचं पोट, मांडी, जे काय उघडायचं असेल ते वस्तऱ्याने साफ करायचं, हे त्याचं काम. तिथे ओरखडा म्हणजे गुन्हा. साध्या ओरखड्यातून जखम चिघळू शकते म्हणून सर्जन ऑपरेशन पुढे ढकलत. नऊ वर्षांत त्याच्या हातून असं एकदाच झालं. एका म्हाताऱ्याच्या बेंबीशेजारी, तांदळाच्या दाण्याएवढं. म्हातारा हसला होता, राहू द्या म्हणाला होता. ऑपरेशन सात दिवस पुढे गेलं आणि सातव्या दिवशी म्हातारा गेला. वस्तऱ्यामुळे गेला असं कोणीही म्हटलं नाही. कोणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

पुढच्या महिन्यात त्याने नोकरी सोडली आणि शाळेत आला. तिथला पहिलाच रविवार वाया गेला. ताप भरला आणि काम अर्धवट टाकून घरी यावं लागलं, असं तो सांगायचा. पण तेवढा एक खाडा सोडला तर बावीस वर्षं अखंड.

त्या वर्षी स्पर्धेच्या तोंडावर ही बावीस वर्षं अचानक उपयोगाला आली. संस्थेला नवे अध्यक्ष मिळाले होते. डोकं असं तुळतुळीत, की केसांच्या बाबतीत त्यांचं मत निःपक्षपाती मानायला हरकत नव्हती. त्यांना एका कंपनीने पटवलं होतं की महिन्यातून एकदा चार माणसं मशीन घेऊन येतील आणि दोन दिवसांत अख्खी शाळा भादरून जातील. मग मामाची गरज नाही. निर्णय स्पर्धेच्या दिवशीच होणार होता, कारण अध्यक्ष पाहुणे म्हणून येणार होते आणि सगळी समिती जेवायला थांबणार होती.

हेडमास्तरांना मामा हवा होता. त्यांनी त्याला खोलीत बोलावून दार लावलं आणि म्हणाले, भाषणात मी तुमचा विक्रम सांगणार आहे. बावीस वर्षांत एकाही मुलाला वस्तरा लागला नाही, असं कंपनीने लिहून द्यावं म्हणावं. समितीत सगळे आईबाप आहेत. रक्त म्हटलं की ढेपाळतात. मामा बाहेर पडला तेव्हा त्याची मान ताठ झाली होती. घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं. ती वाल सोलत होती. ती काही बोलली नाही, आणि ती काही बोलली नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी वजनं झाली. शाळेत माणसाचं वजन करायचं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून कोठारातल्या पोत्यांच्या काट्यावर मुलं उभी केली. काट्याशेजारी कांद्यांचा वास, चड्डीवर कुडकुडणारी पोरं, आणि वही घेऊन उभे पी.टी.चे सर. एकेक जण चढत होता, उतरत होता. मग बोका चढला आणि काटा पुढे सरकला.

बोका म्हणजे शेवटच्या वर्षातला, आखूड मानेचा, घट्ट बांध्याचा मुलगा. डोक्यावर दाट कुरळे केस. तीन वर्षं तो अंतिम लढतीपर्यंत आला होता आणि तीनदा हरला होता. हे त्याचं शेवटचं वर्ष. त्याच्या वजनगटाची मर्यादा साठ किलो, आणि काटा म्हणत होता साठ किलो दोनशे ग्रॅम. आदल्या दिवशी दुपारपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. तो धावून आला, थुंकून आला, श्वास सोडून चढून बघितलं. दोनशे.

त्याला लढतीसाठी तयार करणारे मास्तर हवालदिल झाले. तेवढ्यात त्यांची नजर मामाकडे गेली, कारण मामाचं एक ठाम मत साऱ्या शाळेला पाठ होतं. माणसाच्या डोक्यावरचे केस, नीट वाढलेले असतील तर, पाव किलो भरतात. तो म्हणायचा, मी बावीस वर्षं झाडतोय, मला विचारा.

मास्तरांनी विचारलं. मामाने बोक्याचं डोकं हातात घेऊन दोन्ही बाजूंनी दाबून बघितलं आणि सांगितलं, अडीचशे ग्रॅम. वर पन्नास तुमच्याकडे शिल्लक राहतील.

वीस मिनिटांत बोक्याचं डोकं स्वच्छ झालं. तो काट्यावर चढला. सर वाकले, चष्मा पुसला, परत वाकले. साठ किलो एकशे साठ. केस भरले होते चाळीस ग्रॅम.

कोठारात हसू पसरलं. कोणीतरी म्हणालं, मामा, उरलेले तुमच्या खिशात तर नाहीत. मामाच्या कानशिलाखाली गरम झालं. त्याच्या मताला बावीस वर्षांत कोणी तराजू लावला नव्हता. तो म्हणाला, भुवया राहिल्यात. भुवईचा केस जाड असतो.

शुद्धीवरच्या माणसाने हे बोलू नये. पण बोका खुर्चीत जाऊन बसला होता, आणि मास्तर घड्याळ बघत होते. मामाने डावी भुवई उतरवली. उजवीला हात घातला. मागून कोणीतरी पुन्हा काहीतरी बोललं आणि बोक्याला हसू आलं. हसताना भुवई वर जाते. वस्तरा होता तिथेच राहिला.

थेंब आला. लाल, गोल, टाचणीच्या डोक्याएवढा. मग त्याच्यामागून दुसरा.

मामाने अंगठा ठेवला. मग तुरटी. मुलं काट्याभोवती दुसऱ्याच कोणाची तरी चेष्टा करत होती, मास्तर दाराकडे बघत होते. बघितलं ते फक्त दोघांनी. बोक्याने त्या अंगठ्याखालून मामाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. रक्त थांबलं. दीड सेंटिमीटरची सरळ रेघ राहिली, केस नसलेल्या त्या जागी सुरकुतीसारखी दिसणारी.

भुवयांचं वजन काट्याला कळलंच नाही. पण बोक्याला कोठाराच्या खिडकीच्या काचेत स्वतःचं तोंड दिसलं, उकडून सोललेल्या अंड्यासारखं, आणि त्याच्या पोटात असा गोळा आला की तो पळाला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा भरला एकोणसाठ किलो नऊशे. जे न्हाव्याला जमलं नव्हतं ते संडासाने केलं. म्हणजे डोकं गेलं, भुवया गेल्या, बावीस वर्षं गेली, आणि यातलं काहीच करायची गरज नव्हती.

दुपारी अंतिम लढती सुरू झाल्या. मामा खुर्चीत बसला. लहान गटातली पोरं डोळे मिटून हात फिरवत होती, त्यांतल्या दोघांची नाकं फुटली आणि त्याने ती बंद केली. समोर पहिल्या रांगेत अध्यक्ष बसले होते, शेजारी समिती, शेजारी हेडमास्तर. हेडमास्तरांच्या हातात भाषणाचा कागद होता आणि मधूनमधून ते मामाकडे बघून मान हलवत होते. ती मान हलली की मामाची नजर वाटीतल्या पाण्यात जाई. तो मनाशी म्हणत होता, तीन फेऱ्या. तीन फेऱ्या ती रेघ मिटलेली राहू दे.

बोक्यासमोर टाचणी नावाचा मुलगा होता. नावासारखाच, उंच आणि बारीक, हात गुडघ्यापर्यंत आलेले. टाचणी फार नेमका लढे, म्हणजे कोणाला फारसं लागत नसे पण सारखं काहीतरी टोचत राही. बोका दोर ओलांडून आत आला तेव्हा पहिल्यांदा सगळं जेवणघर हसलं. बिनकेसांचा, बिनभुवयांचा बोका. मग तो मारू लागला आणि हसू थांबलं. पहिल्या फेरीत त्याने टाचणीला दोनदा दोरावर झोपवलं. मामासुद्धा खुर्चीतल्या खुर्चीत सरकला.

दुसऱ्या फेरीत टाचणीचा डावा हात येऊन गेला. लागला म्हणावं असा नव्हता. दारातून जाताना पडदा घासतो तसा. पण बोक्याच्या उजव्या डोळ्यावरून लाल धार उतरली आणि चारशे मुलं उठून उभी राहिली.

घंटा झाली. मामा आत गेला. त्याने टॉवेलने घाम टिपला, तुरटी दाबली. ठोशाने फुटलेली भुवई कशी असते ते त्याला ठाऊक होतं. कडा फाटलेल्या असतात, आजूबाजूचं मांस सुजतं. ही जखम लखोटा उघडावा तशी सरळ होती. त्याच्या वस्तऱ्याला धार उत्तम होती, हे मात्र खरं. रक्त थांबलं. तिसऱ्या फेरीच्या अर्ध्यावर घामाने तुरटी धुऊन नेली आणि धार पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात. बोका आंधळ्यासारखा मारत होता आणि तरी मारत होता. पी.टी.च्या सरांनी हात वर केला, लढत थांबवली, आणि डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर कोपऱ्यात पेटीची कुलपं उघडत होते तेवढ्यात बोका पुटपुटला, "मामा, ठोशाची म्हणा. मी कुणाला सांगणार नाही."

"मग तू हरशील, गाढवा."

"तीनदा हरलोय. मला सवय आहे. तुम्हाला नाहीये."

डॉक्टरांनी कापूस ठेवला, बघितलं, आणि लढत बंद करा म्हणाले. मग सरांनी नियमाप्रमाणे मामाला विचारलं, जखम कशाची. दर वर्षी हा प्रश्न आणि दर वर्षी एकच उत्तर. प्रश्न विचारतानाच सर टाचणीचा हात वर करायला निघाले होते.

मामाने पहिल्या रांगेकडे पाहिलं. हेडमास्तरांनी भाषणाचा कागद घडी घालून गुडघ्यावर ठेवला होता. त्यात मामा होता. नंतर त्याने बोक्याकडे पाहिलं. बोका त्याच्याकडे बघतच नव्हता. हरायला बसलेला माणूस बसतो तसा ढिला बसला होता. मामाला एकाएकी त्याचं तोंड त्या म्हाताऱ्यासारखं वाटलं. राहू द्या म्हणणारं.

"वस्तऱ्याची," मामा म्हणाला.

सरांना वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"वस्तऱ्याची आहे. माझ्या. सकाळी लागला. त्या पोराच्या हाताला रक्ताचं काही देणंघेणं नाही."

मामा वाट बघत उभा राहिला. कोणाला तरी धक्का बसेल, कोणी तरी अरेरे म्हणेल, निदान अध्यक्ष भुवया उंचावतील. पण मुलं जमिनीकडे बघत होती. बाकांवरची मोठी मुलं एकमेकांकडे चोरून बघत होती. हेडमास्तरांचा हात आपोआप त्यांच्या स्वतःच्या मानेमागे गेला आणि लगेच खाली आला. मागच्या टेबलावर कोणीतरी नाकातून हसलं आणि ते हसू दाबायला तोंडावर हात आपटल्याचा आवाज आला.

डॉक्टर अजून बोक्याच्या भुवईवर कापूस धरून होते. तेहतीस वर्षांचा माणूस, याच शाळेत शिकलेला. ते हळूच म्हणाले, "मामा, आता तुम्ही बोललातच, तर हे बघून घ्या." आणि त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे ओढला. कानामागे एक पांढरी, जुनी रेघ होती.

"हा पहिला," डॉक्टर म्हणाले. "तुमचा इथला पहिला रविवार. उजवी बाजू तेवढी झाली होती. मी ओय म्हटलं, आणि तुम्ही सामान आवरून निघून गेलात. आठवडाभर मी अर्ध्या डोक्याने वर्गात बसलो."

मामाने ती रेघ बघितली. आणि मग त्याला आठवलं, किंवा असं म्हणावं की जे आठवू नये म्हणून बावीस वर्षं तापाचं पांघरूण घातलं होतं ते उघडं पडलं. पांढऱ्या कापडावरचा ठिपका. एका लहान पोराचा आवाज. कात्री, वस्तरा पेटीत कोंबून तो निघाला होता. ताप नव्हताच.

बाकीचं डॉक्टरांनी तिथेच, रिंगणातच उभं राहून सांगितलं. अर्ध्या डोक्याचा आठवडा संपल्यावर मुलांनी आपसांत ठरवलं होतं की पुन्हा असं व्हायला नको. वस्तरा लागला तर तोंड बंद, कापडाचं टोक दाबायचं, आणि मामाने तुरटी फिरवेपर्यंत श्वास धरायचा. कोणी विचारलं तर डास, उशी, मांजर, काहीही. नवीन मुलगा आला की मोठी मुलं त्याला पहिल्या संध्याकाळी तीन गोष्टी सांगत: आंघोळीची वेळ, जेवणाची घंटा, आणि मामाच्या खुर्चीत ओय म्हणायचं नाही. शाळेचे बाकीचे सगळे नियम मुलांनी मोडले होते. हा एक बावीस वर्षं कोणी मोडला नव्हता.

आता फुटायचं ते फुटलं. मुलं कॉलर खाली ओढू लागली, कान पुढे वाकवू लागली. मामा हे बघा. मामा, माझा सहावीतला. मामा, मला दोन आहेत, एक रविवारी आणि एक त्याच्या पुढच्या रविवारी. टाचणीनेसुद्धा हातमोजा तोंडात धरून काढला आणि मान दाखवली. दोन मास्तर उठून उभे राहिले आणि लाजून परत बसले.

मामाला गहिवरून वगैरे काही आलं नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे बावीस वर्षं मी तुमच्यासमोर बडबडत होतो," तो म्हणाला, "आणि तुम्ही रक्त पुसत हो हो म्हणत होतात."

बोक्याने मान वर केली. एका डोळ्यावर कापूस, भुवयांच्या जागी काहीच नाही, त्यामुळे चेहऱ्यावर नेमका कसला भाव आहे ते कळायला मार्ग नव्हता.

"तुम्ही इतकं मनापासून सांगायचात," तो म्हणाला.

गुण मोजायला घेतले. सगळ्यांची खात्री होती की बोका पुढे आहे. मामाचीही होती. निदान एवढं तरी पदरात पडेल, असं त्याला वाटत होतं. पण गुण देणाऱ्यांत चित्रकलेचे सर होते आणि ते मारापेक्षा उभं राहण्याच्या ढबीला गुण देत. टाचणी एका गुणाने जिंकला. बोका चौथ्यांदा हरला. मामाने तोंड उघडलं काय आणि मिटलं काय, निकाल तोच लागणार होता.

त्यानंतर अजून पाच लढती होत्या. मामा रिंगणातून बाहेर येऊन खुर्चीत बसला, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती, आणि नाकं आपापल्या वेळी फुटत राहिली. तुरटी दाबताना त्याचा हात जरा जास्तच जोरात पडत होता. हेडमास्तरांनी भाषण केलं. त्यात खेळाडूवृत्तीवर पुष्कळ होतं, न्हाव्यावर काही नव्हतं.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, जोडे न काढताच. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं."

त्याने विचारलं, कसं.

"तुमची पांढरी कापडं दर रविवारी धुतं कोण? त्यावर काय लाल शाई सांडायची?"

तो उंबऱ्यात बसला. त्याच्या मनात तो म्हातारा होता, आणि म्हाताऱ्यामागे सगळी मुलं, माना पुढे करून. तांदळाच्या दाण्याएवढी एक जखम त्याने बावीस वर्षं सांभाळली होती आणि तेवढ्या वेळात आणखी शेकडो करून ठेवल्या होत्या. पण ती मुलं मेली नव्हती. ती चांगली जिवंत होती, मेसच्या जेवणाला शिव्या देत होती, नापास होत होती. एक तर डॉक्टर झाला होता आणि त्याला पेटी उघडता येत नव्हती. या विचाराने मामाला बरं वाटलं की वाईट, ते त्याला ठरवता येईना, आणि त्याने तसं बोलून दाखवलं. बायको म्हणाली, जोडे काढा, मग ठरवा.

तीन दिवसांनी हेडमास्तरांनी बोलावलं. मामा पेटी घेऊनच गेला, परत करायची म्हणून तिची किल्लीही वरच्या खिशात ठेवून. समितीचं कंपनीशी सगळं ठरत आलं होतं, पण करार वाचताना कंपनीचे साहेब एका कलमावर अडले. शाळेचे केस कापणाऱ्याने वार्षिक मुष्टियुद्ध स्पर्धेत रक्त थांबवण्यास हजर राहिले पाहिजे, असं कुठल्यातरी जुन्या हेडमास्तरांनी लिहून ठेवलं होतं. साहेब म्हणाले, आमची माणसं रक्ताला हात लावत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, मग कलम काढा. समितीतल्या एकाने विचारलं, मग नाकं कोण बंद करणार. डॉक्टरांचं नाव निघालं. डॉक्टर स्वतःच नाही म्हणाले.

तर मामा राहिला. अट एकच. वस्तरा हेडमास्तरांच्या कपाटात कुलूपबंद. डोकी मशीनने. मामाने वस्तरा काढून टेबलावर ठेवला, पात्याची बाजू स्वतःकडे करून, आणि हेडमास्तरांनी तो उचलताना दोन बोटांनी, उंदीर उचलावा तसा उचलला. मामा म्हणाला, धार काढलेली आहे, सांभाळून. हेडमास्तर म्हणाले, माहीत आहे.

रविवारी मशीन सुरू झालं. मधमाश्यांसारखी गुणगुण, हातात थरथर, आणि दात कानाच्या वळणावर नेमके कुठे चावतील याचा नेम नाही. मामाला ते पहिल्या डोक्यापासून आवडलं नाही. व्हरांड्यात रांग लागली होती, आणि या वेळी भिंतीवरून कोणी पळालं नव्हतं. उलट मुलं पुढे घुसत होती.

पहिलाच मुलगा, मशीन मानेला टेकताच, म्हणाला, "ओय."

मामाचा हात थांबला. मागे रांगेत कोणी हललं नाही. सगळ्यांच्या नजरा त्याच्या हाताकडे. मशीन तेवढं गुणगुणत होतं.

"कुठं," मामा म्हणाला. "दाखव."

मुलाने दाखवलं. काहीही नव्हतं. मामाने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि पुढे काम सुरू केलं. व्हरांड्यात कोणीतरी सुस्कारा सोडला, आणि मग ताळतंत्रच राहिलं नाही. बावीस वर्षांचं दाबून ठेवलेलं सगळं एका सकाळी बाहेर आलं. दुसरा ओय म्हणाला. तिसरा आई गं म्हणाला. चौथा खुर्चीत बसण्याआधीच ओरडला. पाचवा, पहिल्या वर्षातला, पाय खाली न पोचणारा, मशीन अजून हातभर लांब असताना ओय म्हणाला.

"अजून हात लावला नाही, गाढवा."

"माहितीये," पोरगा म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

मामाने त्याची मान खाली दाबली आणि भादरायला लागला. दुपारपर्यंत साठ डोकी झाली आणि शंभरच्या वर ओय झाले. त्यांतले खरे तीन. ते कोणाचे, कुठल्या कानामागचे, हे त्याने घरी जोडे काढता काढता बायकोला नावानिशी सांगितलं.